इरल्याला शिवण नव्हती

देवगड तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 38. मुंबईत कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी 11 वर्षं काढली, आधी मशीनवर, मग सुपरवायझर म्हणून. कोविडमध्ये गावी आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. आता घराच्या पडवीत 4 मशीन टाकून, गावातल्या 3 बायकांना सोबत घेऊन शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवतात. पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीची गोष्ट वाचल्यापासून त्यांच्या मनाने घेतलं आहे की डोंगरात, समुद्रावर, पावसात वापरायचे कपडे करायचे, पण निसर्गाला ओरबाडून नाही.

पुण्यातला भाऊ ट्रेकर आहे. तो म्हणतो, लुधियाना-तिरुपूरहून तयार जॅकेटं आणू, आपलं लेबल लावू आणि ‘इको-फ्रेंडली’ म्हणून ऑनलाइन विकू. ताईंना ते पटत नाही. त्यांना सगळं नैसर्गिक हवं आहे: सेंद्रिय सुती कापड, कोकमाचा रंग, नाहीतर किनाऱ्यावर पडलेल्या जुन्या जाळ्यांपासून केलेलं कापड. कुठलाही मार्ग धरला तरी 15 लाख लागतील असा अंदाज आहे. नवरा कलमांच्या बागेवर कर्ज काढायला तयार आहे, सासूबाई अजिबात नाहीत. ताई विचारतात, “खरं पर्यावरणपूरक करायचं तर एवढी उडी मारावीच लागणार ना? लहान राहून काय फरक पडणार?”

ताई,

तुमच्या सहा पानी पत्रात एक वाक्य अगदी जाता जाता आलं आहे. “पावसाळ्यात गावातली माणसं फाटके रेनकोट घेऊन येतात, टीप मारून देते, त्याचे काय पैसे घ्यायचे?” पंधरा लाखांवर चार पानं आणि यावर ही एक ओळ. मला मात्र तुमचा धंदा या ओळीत दिसतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ते रेनकोट कुठे फाटलेले असतात? तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. काखेत. टोपी जोडलेली असते तिथे, मानेमागे. खिशाच्या कोपऱ्यात. चेन तर खाऱ्या हवेने वर्षभरातच धरते, रनर पांढरा पडतो आणि जोर लावला की दाते सुटतात. दूर कुठेतरी बसून जॅकेट बेतणाऱ्या माणसाकडे ही माहिती नसते. तुमच्याकडे ती दर आषाढात आपल्या पायांनी चालत येते आणि तुम्ही टीप मारून ती परत पाठवता.

मी रत्नागिरीत एका दुकानातून बऱ्यापैकी महागाचा रेनकोट घेतला होता. पाऊस संपल्यावर धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून ट्रंकेत ठेवला. मे महिन्याच्या शेवटी काढला तर घडी उलगडेना. आतला लेप फणसाच्या चिकासारखा बोटांना लागत होता. ओढला तशी त्याची सालपटं निघाली. दुकानदार म्हणाला, “एक सीझन गेला ना? मग झालं की.” मला त्या वाक्याचा राग आला होता आणि अजून येतो. कारण नंतर कळलं. पुष्कळ रेनकोटांना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, आणि त्याचे बरेचसे प्रकार ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की हळूहळू तुटत जातात. कोरड्या थंड हवेत हीच वस्तू बराच काळ तग धरते, आपल्या ट्रंकेत धरत नाही. कापडात दोष नसतो, ते आपल्या हवेसाठी निवडलेलं नसतं.

म्हणून तुमच्या पत्रातली पहिली समजूत थोडी हलवून बघू या. वस्तू कशापासून केली यावरून ती पर्यावरणपूरक ठरते, असं तुम्ही धरून चालला आहात. ते अर्धंच खरं आहे. ती किती वर्षं अंगावर राहते आणि शेवटी कुठे जाते, हे उरलेलं अर्धं. आपल्याकडे जुना रेनकोट कुठे जातो ते तुम्हाला माहीत आहे: न्हाणीच्या चुलीत, आंघोळीच्या पाण्याखाली. स्वस्तातला रेनकोट बहुधा पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, डायॉक्सिनसारखी विषं निघतात, आणि चुलीपुढे बसलेली असते ती घरातली बाई किंवा म्हातारी. तुमच्या वाडीतले वीस रेनकोट अजून तीन वर्षं वापरात राहिले, तर तीन वर्षं तेवढे नवे आले नाहीत आणि तेवढे जळले नाहीत. याला सेंद्रिय कापसाचं प्रमाणपत्र लागत नाही.

आता सुती कापडाबद्दल. पावसात घालायच्या कपड्याला सुती कापड घेऊ नका, अगदी सेंद्रिय असलं तरी. ते पाणी पितं, जड होतं आणि आपल्या जुलैत वाळतच नाही. दोरीवर तिसऱ्या दिवशी त्यावर काळे ठिपके दिसतात. एकदा बुरशीने धरलं की ते डाग जात नाहीत, आणि डाग पडलेला महागाचा कपडा माणूस टाकून देतो. कोकमाचा रंग दिसतो सुंदर, पण सालीतला तो लाल रंग उन्हात आणि साबणात टिकत नाही. तुमचं नाव पहिल्याच धुण्यात उतरलं तर ते परत चढवणं कठीण. सुती कापड जिथे शोभतं तिथे वापरा, त्याबद्दल पुढे लिहिते.

प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या फ्लीसचाही, म्हणजे थंडीत घालायच्या मऊ, लोकरीसारख्या कापडाचाही, उल्लेख तुम्ही केला आहे. पॅटागोनियाने 1993 मध्ये असं फ्लीस बाजारात आणलं, ही गोष्ट खरी. पण फ्लीस धुताना त्यातून बारीक तंतू सुटतात. आपल्याकडे धुण्याचं पाणी परसातून पऱ्याला, पऱ्यातून खाडीला जातं. आणि मुळात देवगडात फ्लीस घालणार कोण?

त्या कंपनीची गोष्ट तुम्ही शेवटाकडून वाचली आहे असं मला वाटतं. 2022 मध्ये संस्थापक इव्हॉन शुइनार्ड आणि त्यांच्या कुटुंबाने कंपनीची मालकी एका ट्रस्टकडे आणि निसर्गरक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडे सोपवली. हे वाचून कुणाचंही मन भरून येईल. पण हा माणूस मुळात डोंगर चढणारा. 1957 मध्ये त्याने भंगारातून जुनी कोळशाची भट्टी आणली, स्वतः लोहारकाम शिकला आणि कापणीयंत्राच्या जुन्या पात्यापासून कातळात ठोकायच्या खिळ्या केल्या. त्या त्याने आधी स्वतः कड्यावर वापरून बघितल्या, मग गाडीच्या डिकीतून दीड डॉलरला एक अशा विकल्या. पुढे लक्षात आलं की खिळ्या ठोकून ठोकून त्याच्या आवडत्या कड्यांच्या भेगा फुटत आहेत. तेव्हा धंद्याचा मोठा आधार त्याच खिळ्या होत्या. तरी 1972 च्या कॅटलॉगमध्ये त्याने खिळ्या सोडून हाताने भेगेत अडकवायच्या ॲल्युमिनियमच्या पाचरी वापरा, असं गिऱ्हाइकांना सांगितलं. कपड्यांची कंपनी त्यानंतर, 1973 मध्ये आली. सगळा कापूस सेंद्रिय व्हायला 1996 उजाडलं. म्हणजे कंपनी सुरू झाल्यावर 23 वर्षं. तुम्ही पहिल्याच वर्षी सगळं शुद्ध हवं म्हणून स्वतःला जो त्रास करून घेता आहात, तो त्यांनीही घेतला नव्हता. त्यांनी आपल्या मालाने होणारं नुकसान स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि लपवलं नाही, एवढं उचला.

भावाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. गिऱ्हाईक कुठे आहे हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि माल विकल्याशिवाय तुमच्या तीन बायकांची मजुरी निघणार नाही. पण त्याच्या बेतात एक मोठी अडचण आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘हरित’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय जाहिरातीत किंवा लेबलवर टाकता येत नाहीत. जे म्हणाल ते नेमकं म्हणायचं आणि त्याचा कागद हाताशी ठेवायचा. कापडविक्यानं ‘रिसायकल्ड आहे’ असं तोंडी सांगणं हा पुरावा नव्हे. त्याच्याकडून जीआरएस (रिसायकल्ड मालासाठीचं प्रमाणन) किंवा जीओटीएसचं (सेंद्रिय कापडासाठीचं प्रमाणन) स्कोप सर्टिफिकेट, म्हणजे तो स्वतः प्रमाणित असल्याचा कागद, आणि तुम्ही घेतलेल्या मालाच्या खेपेचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट मागा. ते मिळालं तरी शिवणारं युनिट स्वतः प्रमाणित नसेल तर तो शिक्का तयार कपड्यावर लावता येत नाही. पाणी निथळवणाऱ्या लेपात पीएफएएस जातीची रसायनं आहेत का, हेही लेखी विचारा. ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने 1 जानेवारी 2025 पासून बहुतेक कपड्यांत त्यांच्यावर बंदी घातली आहे. भावाच्या तयार जॅकेटांबद्दल यातलं काहीच तुम्हाला छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि ते जॅकेट फाटून परत आलं तर तुमच्याकडे त्याच कापडाचा तुकडाही नसेल.

मग करायचं काय?

तुमच्या आजीच्या घरी इरलं होतं का? माझ्या आजोळी पडवीत खुंटीला दोन असायची. बांबूच्या कामट्या, मध्ये दाटीने बसवलेली पानं, डोक्यावरून पाठीवर उतरणारी पन्हळ. लावणीला वाकलेल्या बाईची पाठ त्यात पूर्ण झाकली जायची, दोन्ही हात मोकळे राहायचे आणि खालून वारा खेळायचा. आजचा रेनकोट उभ्या माणसासाठी शिवलेला असतो. बाई लावणीला वाकली की पाणी गळ्यातून सरळ आत. आणि इरल्याला शिवण नव्हती. कापडातून पाणी येण्याआधी ते सुईच्या भोकांतून येतं हे तुम्हाला मी काय सांगणार.

महागड्या जॅकेटांत घामाची वाफ बाहेर सोडणारा पडदा असतो. पण आत-बाहेरच्या हवेत ओलीचा आणि उष्णतेचा फरक असला तरच तो नीट चालतो. आपल्या पावसात बाहेरची हवाच ओलीगच्च आणि कोमट. माणूस पावसाने भिजायचा तो घामाने भिजतो. इथे वाऱ्याला वाट हवी, ती कापडाच्या गुणापेक्षा कपड्याच्या बेतातून मिळते. म्हणजे तुमच्या हातातलं काम. पहिली वस्तू म्हणून एक पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट, करा. खांद्यावर एकही शिवण नको, पाठ पुढच्या भागापेक्षा वीतभर लांब, बाजू नाडीने बांधायच्या. चेन नको, करवंटीचं बटण चालेल, ते गंजत नाही. जिथे शिवण टाळता येत नाही तिथे दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी टीप. शिवणीवर पाणी अडवणारी पट्टी चिकटवणाऱ्या सीम टेपच्या मशीनचा खर्च आत्ता नको. कापड म्हणून सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन बघा. ते ओलीने चिकट होत नाही, मात्र मशीनखाली सरकतं आणि त्याला सिलिकॉनचाच डिंक लागतो. आधी दोन-चार मीटर आणून न्हाणीशेजारच्या ओल्या भिंतीला टांगून ठेवा आणि त्याचं काय होतं ते बघा. नायलॉन म्हणजे प्लास्टिकच, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. टिकावं आणि दुरुस्त करता यावं म्हणून आम्ही ते निवडलं, एवढं सांगितलं तरी खरं बोलल्याचं समाधान आहे.

जाळ्यांचं मात्र तूर्त सोडून द्या. जुन्या जाळ्यांतल्या नायलॉनपासून पुन्हा धागा करता येतो, पण त्याला मोठा कारखाना लागतो, आणि त्याआधी दोर, शिसं, बोयरी, वाळू सगळं वेगळं करावं लागतं. पडवीत फार तर जाळीच्या पिशव्या होतील. ओला पोंचो ठेवायला तशी एक पिशवी सोबत दिलीत तर छानच.

मोहोर आलाय, म्हणजे मृगाला अजून चारेक महिने आहेत. मी तुमच्या जागी असते तर एप्रिलअखेर गावात, शाळेत आणि जवळच्या एसटी स्टँडवर एक कागद लावला असता: रेनकोट, छत्रीचं कापड, दप्तरं दुरुस्त करून मिळतील. पैसे घ्या, ताई. थोडे घ्या, पण घ्या. फुकटच्या कामाची वही कुणी ठेवत नाही, आणि मला तुमची वही हवी आहे. प्रत्येक कपड्यापुढे चार गोष्टी लिहा: काय फाटलं, कुठे फाटलं, किती वर्षांचा होता, केवढ्याला घेतला होता. दोन महिन्यांनी ही वही भावाला दाखवा. डिझाइनबद्दल तुम्हा दोघांचा निम्मा वाद ती मिटवेल.

त्याच काळात चौदा-पंधरा पोंचो शिवा, जास्त नको. विकू नका, वापरायला द्या. लावणीच्या बायका, मासे घेऊन दारोदार फिरणारी एखादी मावशी, पोस्टमन, बागेतला राखणदार, आणि चार भावाच्या ट्रेकच्या टोळीला. अट एकच, गणपती झाले की परत आणून दाखवायचे.

विकायची वेळ येईल तेव्हा एक आकडा डोक्यात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की 18. म्हणजे 2500 चा पोंचो गिऱ्हाइकाला 2625 ला पडतो आणि 2600 चा 3068 ला. तुम्ही शंभर वाढवलेत तर त्याच्या खिशातून 443 जादा जातात. राज्याबाहेर विकायचं तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. आणि वाडीतल्या माणसाला हा पोंचो परवडणार नाही, हे आताच मान्य करा. त्याच्यासाठी तुमचं दुरुस्तीचं टेबल आहे. नवा पोंचो मुंबई-पुण्याहून पावसात सह्याद्री चढायला येणाऱ्यांसाठी, आणि तिथे भाऊ लागेल. त्याला विक्री द्या. लेबलवर काय लिहायचं ते मात्र तुमच्या हातात ठेवा.

पाऊस आठ महिने नसतो, बायकांना काम बारा महिने लागतं. गणवेश सोडू नका. आणि तुमचं सुती कापड इथे काढा: आंबा काढणीसाठी पूर्ण बाहीचा, मनगटाला घट्ट, मानेवर उंच कॉलरचा शर्ट. झेला, म्हणजे आंबे काढायची जाळी लावलेली काठी, वर करून देठ तुटला की चीक हातावर उडतो आणि कातडी भाजते. आज गडी जुने टेरिकॉटचे शर्ट घालून घामाने निथळत असतात. गडद रंगाचं जाड सुती कापड त्यांना आणि उन्हात होडीवर काम करणाऱ्यांनाही चालेल. मजुरी नगावर देत असाल तर नमुने शिवायच्या दिवसांत ती रोजावर द्या, नाहीतर घाईत शिवलेली शिवण पावसात उघडी पडेल.

आता बाग. इथे मी सासूबाईंच्या बाजूने आहे, आणि त्या जुन्या विचारांच्या आहेत असं जे तुम्ही लिहिलंत ते मला खटकलं. कलमं हाच तुमच्या घराचा बारमाही आधार. हवामान बिघडून मोहोर गळतो त्या वर्षी बाग स्वतःलाच कशीबशी सावरते. तिच्यावर धंद्याच्या हप्त्याचं ओझं टाकू नका. वर सांगितलेल्या सगळ्याला 15 लाख लागत नाहीत. मशीन तुमच्याकडे आहेत. कापड, दोरा, बटणं आणि बायकांची दोन महिन्यांची मजुरी, एवढाच खर्च. वर्षभराने मोठं करावंसं वाटलं तर जिल्हा उद्योग केंद्रात जा. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या रोजगार योजनेच्या नियमांत ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा 5 टक्के, असा हिशेब आहे. उत्पादनासाठी मर्यादा 50 लाख. पण अनुदानाचे पैसे तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतात, आणि योजना नव्या युनिटसाठी आहे, आधीपासून चालू असलेल्याला नाही. तुमची चार मशीन यात कशी धरली जातील हे अर्ज करण्याआधी विचारा. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचीही तिथेच चौकशी करा. नवऱ्याला आणि सासूबाईंना सोबत न्या.

लहान राहून काय फरक पडणार, हा तुमचा प्रश्न मी टाळलेला नाही. अशी पत्रं मला साबण करणाऱ्यांची येतात, बांबूवाल्यांची येतात, प्रत्येकाला हीच धास्ती असते. वेंगुर्ला केवढंसं गाव आहे! तिथल्या नगरपरिषदेने घराघरातला कचरा वेगळा करायला लावला आणि डंपिंगच्या जागेवर लोक सहलीला येऊ लागले. तुमच्या पोंचोने समुद्र स्वच्छ होणार नाही. पण तुमच्या वाडीतल्या न्हाणीच्या चुलीत काय जळतं, ते तुम्ही बदलू शकता, आणि ते काम दुसरं कुणी येऊन करणार नाही.

प्रत्येक पोंचोच्या आत एक छोटी पट्टी शिवा. तिच्यावर शिवणाऱ्या बाईचं नाव, साल, आणि ‘फाटला तर परत पाठवा’ एवढं असू दे. कटिंगमधून उरलेलं त्या ताक्याचं कापड जपून ठेवा, ठिगळाला तेच लागेल. गणपती झाल्यावर पोंचो परत आले की मला पत्र लिहा. किती आवडला ते नको, सगळ्यात आधी कुठे उसवला तेवढं कळवा.